धुरींच्या भिंतीतलं विष

काशीराम धुरींच्या बाहेरच्या खोलीत एरवी चार माणसं बसली की पाचव्यानं चहा उभ्यानं घ्यायचा असतो. त्या शनिवारी सकाळी तिथं एकवीस माणसं होती. काही पलंगावर, काही पलंगाच्या कडेला, दोघं दाराच्या चौकटीत आणि उरलेली जिन्यात माना लांब करून. दिंडोशीच्या वसाहतीतल्या या आठ नंबरच्या इमारतीला लिफ्ट नाही. तरी पाचव्या मजल्यावरच्या सगुणाआजी दोन मजले उतरून आल्या होत्या. परत चढायचं कसं, हा प्रश्न त्यांनी नंतरसाठी ठेवला होता.

सगळ्यांच्या नजरा भिंतीवर होत्या. भिंत साधीच होती, फिकट निळी, मध्ये लोखंडी कपाट. गेल्या बावीस वर्षांत तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहायला आलं नव्हतं.

भिंतीसमोर सुयोगसर उकिडवे बसले होते. अंगात पांढरा कागदी झगा, पायांत निळ्या पिशव्या, हातांत मोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडावर मास्क. माणूस म्हणून दिसत होता तो कपाळाचा चार बोटं तुकडा, आणि त्यावर गंध होतं.

"भिंत श्वास घेते," सर मास्कआडून म्हणाले. "आपण झोपतो तेव्हा ती जागी असते. तिच्या पोटात बुरशी, बुरशीच्या पोटात विष. मायकोटॉक्सिन. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि डॉक्टरांना शिकवत नाहीत."

शेवटच्या वाक्यावर खोलीतून समाधानाचा हुंकार उठला. डॉक्टरांना काहीतरी येत नाही, हे ऐकून माणसाला बरंच वाटतं.

सरांनी कापूस लावलेली काडी एका छोट्या बाटलीत बुडवली. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी होतं. ती काडी त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी, लादीला लागून हळूच फिरवली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. बघता बघता पांढरा कापूस लाल झाला. जिन्यातल्या माणसांना दिसलं नाही, पण पुढच्यांच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून तेही घाबरले.

मग सरांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि जांभळ्या उजेडाचा टॉर्च लावला. भिंतीच्या कडेनं हिरवट पिवळी रेघ चमकली. सगुणाआजींनी डोळ्यांना पदर लावला. काशीरामनं मात्र मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. त्याचं बनियन त्या उजेडात भिंतीच्या दुप्पट झळकत होतं.

"सगळ्यात जास्त विष माझ्या बनियनमध्ये आहे बहुतेक," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. "कपडे विष शोषतात," सर गंभीरपणे म्हणाले आणि टॉर्च बंद केला.

काशीराम सहासष्ट वर्षांचा. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले. हा गोरेगावच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून चौतीस वर्षं राहिला. नळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, पोरांच्या हातून फुटलेल्या काचा गोळा करायच्या. मुलं त्याला काशीमामा म्हणायची, तेच नाव वसाहतीनंही उचललं. न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची जुनी खोड. पण आज अडचण अशी होती की त्यानं पाहिलं होतं. कापूस त्याच्या डोळ्यांदेखत लाल झाला होता.

सर आता त्याच्या बायकोकडे वळले. नलिनीला अकरा वर्षं दमा होता. आज भिंत तपासली जात होती ती तिच्यासाठीच.

"काकू, पंप घेता?"

"सकाळ-संध्याकाळ, दोन-दोन झटके. आणि जास्त झालं तर निळा."

"पंपाचं काम काय असतं?" सरांनी खोलीभर नजर फिरवली. वर्गातल्यासारखी शांतता पसरली. "ढकलणं. हवेत विष, आणि तुम्ही ते रोज छातीत ढकलताय. अकरा वर्षं."

नलिनीच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती. आली ती सुटका. लग्नकार्यात कोपऱ्यात जाऊन पदराआड पंप ओढायचा, भाचीच्या बारशाला पाळण्यापासून लांब बसायचं, आणि इतकं करून डॉक्टरांनी म्हणायचं की हे कायमचं आहे. पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं की दोष तिच्या छातीचा नाही, भिंतीचा आहे.

सरांनी उपाय सांगितला. एकवीस दिवस फुप्फुस-मुक्ती. रोज तपकिरी थेंब, भिंतीला शुद्धी-फवारा, आणि पंप बंद. "एक जरी झटका घेतलात तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मधे दम वाढेल. घाबरायचं नाही. ते विष बाहेर पडत असतं."

काशीरामचा हात अर्धवट वर गेला. तोवर नलिनीनं फळीवरचे दोन्ही पंप उचलून सरांच्या पिवळ्या पिशवीत टाकले होते. पिशवीवर 'घातक कचरा' असं छापलेलं होतं. सरांनी भिंतीवर फवारा मारला, पाच मिनिटं डोळे मिटले आणि नवी काडी फिरवली. या वेळी कापूस नुसता पिवळट झाला.

"लाल म्हणजे जिवंत विष. पिवळं म्हणजे मेलेलं."

टाळ्या वाजल्या. सर्वांत मोठ्या वाजवल्या सोसायटीच्या सेक्रेटरी वनमालाताईंनी, कारण सरांना त्यांनीच शोधून आणलं होतं. त्यांचा पावसाळी खोकला सरांच्या थेंबांनी आठवड्यात गेला होता. तसा तो दर वर्षी आठवड्यातच जायचा, पण या वर्षी श्रेय घ्यायला माणूस होता.

त्याच संध्याकाळी काशीराम औषधाच्या दुकानात गेला आणि निळा पंप विकत घेऊन आला. तो त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून चष्म्याचं घर ठेवलं.

आठ नंबरच्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. गावाहून येताना प्रत्येक घरात घरची दळलेली हळद येते, आणि पावसाळ्यात मुंग्या निघाल्या की बायका भिंतीच्या कडेनं हळदीची रेघ ओढतात. ही वहिवाट जुनी. त्या शनिवारी सरांनी बाकीची घरंही तपासली, आणि विषाचा बोभाटा झाल्यावर वनमालाताईंनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की हळद जंतुनाशक असते, तरी सगळ्यांनी भिंती हळदीच्या पाण्यानं पुसून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी जिन्यात लग्नघराचा वास सुटला. ज्यांच्याकडे मुंग्या नव्हत्या त्यांनीही रेघा ओढल्या. एकानं तर छत पुसलं.

चौथ्या दिवशी सर फेरतपासणीला आले. प्रत्येक घरात काडी आधीपेक्षा लाल झाली.

"खवळलंय," सर म्हणाले.

लोकांनी आणखी हळद लावली. आठव्या दिवशी काड्या अशा लाल झाल्या की सगुणाआजींनी गावच्या देवाला नारळ बोलला. अख्ख्या इमारतीत एकच घर निर्मळ निघालं. धुरींच्या शेजारचं. तिथं निमेश नावाचा एकटा मुलगा भाड्यानं राहायचा. त्याच्या दारावर सरांनी हिरवं स्टिकर लावलं: 'विषमुक्त घर'. बायका येता-जाता त्या स्टिकरला हात लावून पुढे जाऊ लागल्या, आणि निमेशला कळेना की आपण असं काय पुण्य केलंय.

धुरींच्या घरात मात्र काशीराम वेगळीच मोजणी करत होता.

प्रयोगशाळेत राहिलेला माणूस, मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नलिनी एका श्वासात किती शब्द बोलते, ते तो मनाशी मोजायचा. तिसऱ्या दिवशी तिनं कालची उरलेली भेंडी, दुधवाल्याचा उशीर आणि जाऊबाईंचा फोन हे सगळं एका दमात सांगितलं. सातव्या दिवशी त्याच मजकुराला तीन ठिकाणी थांबावं लागलं. नवव्या दिवसापासून ती उशा रचून बसून झोपू लागली. अकराव्या दिवशी ती पाच शब्दांवर आली, आणि स्वयंपाक काशीरामकडे आला.

"नलू, दोन झटके घे गो," तो खिशाकडे हात नेत म्हणाला.

"आणि परत... पयल्यापासून?" तिनं मान हलवली. "अकरा दिस गेले माझे."

सरांची हीच खुबी होती. दर दिवशी त्रास वाढायचा, आणि दर दिवशी थांबणं महाग व्हायचं.

काशीराम डॉक्टर अनुपमाकडे गेला. बाजूच्या इमारतीत तळमजल्यावर तिचा दवाखाना होता आणि नलिनीचे पंप तिनंच लिहून दिलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. बुरशीनं दमा वाढतो हे खरंच आहे, असं तीच म्हणाली, तेव्हा काशीराम चमकला.

"म्हणून तर त्याचं चालतं, मामा. अर्धं खरं बोलतो तो. पण त्याला काड्या कशाला हव्यात? भिंत ओली दिसली, कुबट वास आला, की बुरशी आहेच. ओल कुठून येते ते शोधायचं, ती बंद करायची, खरवडून भिंत सुकवायची. विष किती आणि कुठलं, हे अशा काड्यांनी कळत नाही, आणि कळलं तरी करायचं तेच." मग ती पुढे वाकली. "भिंतीचं नंतर बघू. काकूंना एक वाक्य पुरं करता आलं नाही की माझ्याकडेसुद्धा यायचं नाही. पंप द्यायचा आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं."

दुपारी ती स्वतः तिसरा मजला चढून नलिनीला समजवायला आली. नलिनीनं तिला चहा विचारला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

गोळी असती तर काशीरामनं आमटीत घालून दिली असती. पण पंप दुसऱ्याला ओढवता येत नाही. तो ज्याचा त्यानंच ओढावा लागतो.

चौदाव्या दिवशी सकाळी तो मोरीत कपडे धूत बसला होता. आदल्या दिवशी बांगड्याचं तिखलं करताना बनियनवर हळदीचा डाग पडला होता. त्यानं डागावर साबणाची वडी घासली. पिवळा डाग लाल झाला.

त्याचा हात थांबला.

चौतीस वर्षं, दर वर्षी तो टीपकागदाच्या पट्ट्या कापायचा, हळदीच्या पाण्यात बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. आठवीची पोरं त्या पट्ट्या साबणाच्या पाण्यात घालत. पट्टी लाल. मग लिंबाच्या रसात. पट्टी पुन्हा पिवळी. पोरं दर वर्षी तितक्याच जोरात ओरडायची आणि काशीमामा दर वर्षी तितक्याच निर्विकारपणे फरशी पुसायचा. अशा हजारो पट्ट्या त्यानं केल्या होत्या. आणि चौदा दिवस तो स्वतःच्या भिंतीपुढे त्या पोरांइतकाच आ वासून उभा होता.

ओल्या हातानंच तो उठला. वाटीभर पाण्यात धुण्याचा सोडा कालवला, कापूस बुडवून भिंतीच्या कडेनं फिरवला. लाल. शुद्धी-फवाऱ्याची बाटली उघडून थेंबभर जिभेच्या टोकाला लावला. आंबट. चिमूटभर खाण्याच्या सोड्यावर टाकला तसा फसफसून फेस आला. आणि तोच फवारा लाल कापसावर टाकताच कापूस पिवळा झाला.

विषबिष काही नव्हतं. बाटलीत सोडा, फवाऱ्यात लिंबाचा आंबटपणा, आणि भिंतीवर नलिनीच्याच हातची हळद. टॉर्चखाली चमकली होती तीही तीच.

तो वाट्या घेऊन तिच्यासमोर बसला आणि सगळं करून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं.

"तुमी शाळेत... बाटल्यो धुवीत होतात," ती म्हणाली. "ते सर आसत."

ते खरं होतं. त्यानं वाट्या गोळा केल्या. मग तीच म्हणाली, "रविवारी... हॉलात येतले ते. त्यांच्याच बाटलेन... सगळ्यांसमोर दाखवा. खोटे ठरले... तर पंप घेतंय."

म्हणजे आणखी दोन दिवस. तोवर दम फारच लागला तर त्याच पावली हॉस्पिटल, एवढं तरी कबूल कर, म्हणून त्यानं हात जोडले. तिनं मान डोलावली, की नुसता श्वास घेतला, ते त्याला कळलं नाही.

तिथून तो थेट निमेशच्या दारात गेला. एक गोष्ट अजून बसत नव्हती. हिरव्या स्टिकरच्या घरात असं काय नव्हतं, जे बाकी सगळीकडे होतं?

निमेशनं दार उघडलं. घरात गॅसची शेगडी नव्हती. ओट्यावर बाहेरून मागवलेल्या जेवणाचे रिकामे डबे होते. मीठ नव्हतं, मसाले नव्हते, हळदीचा तर प्रश्नच नव्हता. आणि समोरची भिंत, धुरींच्या कपाटामागचीच भिंत पण अलीकडून, छतापासून कमरेपर्यंत काळी पडली होती. केसाळ, ओलसर काळी. जुन्या गोणपाटासारखा वास येत होता.

"हे सरांनी पाहिलं?" काशीरामनं विचारलं.

"पाहिलं ना, मामा. मीच दाखवलं. म्हणाले, ही मृत बुरशी आहे. रिटायर झालेली."

रविवारी सकाळी नलिनीला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला वीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर काशीराम खुर्ची टेकवायचा, ती बसायची. हॉस्पिटलला आत्ताच जाऊया, असं तो दर वळणावर म्हणाला. ती दर वळणावर हॉलकडे बोट दाखवायची. त्यानं सोसायटीच्या हॉलच्या दाराशी रिक्षा उभी करून ठेवली होती.

हॉल भरला होता. बाजूच्या तीन इमारतींचीही माणसं आली होती, कारण आज पैसे भरून सामूहिक तपासणीची नावनोंदणी होती. सर झग्यात होते. टेबलावर बाटली, काड्या, फवारा. नलिनीला पहिल्या रांगेत बसवून काशीराम पुढे गेला. हातात वर्तमानपत्राचं पुडकं आणि दुकानाचं स्टिकर लावलेली एक कोरी पांढरी टाइल.

"सर, एक शंका होती."

"शंका हे विषाचं पहिलं लक्षण आहे," सर म्हणाले. हॉल हसला.

"मग माझं तपासाच." काशीरामनं पुडकं उघडलं. आत हाताएवढं प्लॅस्टर होतं, काळंकुट्ट. पुढच्या रांगेनं नाकाला रुमाल लावले. "ही निमेशच्या घरची भिंत. काडी लावून दाखवा."

सरांनी ते मृत असल्याचं सांगितलं. पण वनमालाताईंना आपल्या माणसाची हुशारी पाहायची होती. "करा ना सर, काय जातंय," असं त्या प्रेमानं म्हणाल्या. सरांनी काडी फिरवली, एकदा, दोनदा, जोर लावून तिसऱ्यांदा. कापूस काळपट झाला. लाल काही झाला नाही.

"आता ही टाइल. काल दुकानातून आणलीय, कागदसुद्धा निघालेला नाही. ताई, तुम्ही घरून आणलेली हळद लावा हिला. तुमच्याच बोटानं."

वनमालाताईंनी बोट फिरवलं. सर काडी द्यायला तयार नव्हते, तेव्हा ताईंनीच टेबलावरची उचलली, सरांच्या बाटलीत बुडवली आणि टाइलवर टेकवली. ती लाल झाली.

मागच्या रांगा उठून पाहू लागल्या. मिटलं, असं काशीरामला वाटलं. पण सर त्याच्यापेक्षा चलाख होते. त्यांनी टाइल हिसकावून उंच धरली.

"बघा! मी कधीपासून सांगतोय? हळदीतच बुरशी आहे! तुमच्या डब्यांपर्यंत पोचलंय ते!"

कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं आमची तर गावची हळद. दुसरी म्हणाली गावाला काय बुरशी येत नाही? एकीनं नवऱ्याला फोन लावून हळदीचा डबा बाहेर काढून ठेवायला सांगितलं. हॉल काशीरामच्या हातून निसटत होता, आणि पहिल्या रांगेत नलिनीच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ती खुर्चीच्या कडा धरून पुढे वाकली होती. त्याला वाटलं, गेलं चुलीत सगळं, तिला उचलावं आणि पळावं. पण पंप घेणं त्याच्या हातात नव्हतं, तिच्या कबुलीवर होतं.

"बरं सर," तो म्हणाला. "हळदीत विष. मान्य. मग मारा त्याला. तुमच्याच फवाऱ्यानं."

सरांना सुटका दिसली. त्यांनी टाइलवर फवारा मारला. लाल डाग पिवळा झाला. मागच्या बाजूला चारदोन टाळ्या पडल्या.

"मेलं?"

"मेलं."

"नक्की?"

"समूळ."

काशीरामनं सरांच्या बाटलीतून भरपूर थेंब टाइलवर टाकले. डाग लाल झाला. टाळ्या थांबल्या. वनमालाताईंनी फवारा उचलून मारला. पिवळा. काशीरामनं पुन्हा थेंब टाकले. लाल.

"दोनदा मेलं आणि तिसऱ्यांदा जन्मलं," तो म्हणाला. "असं कुठलं विष असतं हो? बाटलीत सोडा आहे. फवाऱ्यात लिंबासारखं आंबट आहे. सोड्यानं हळद लाल होते, आंबटानं पिवळी. भिंतीला जितकी हळद लावाल तितकी काडी लाल. खरी बुरशी या निमेशकडे होती, पण हळद नव्हती. म्हणून तो विषमुक्त."

पाठीमागून सगुणाआजींचा आवाज आला. "अरे मेल्या, कुंकू कसं करतात? हळदीला चुन्याची निवळी घालून. माझ्या आयशीनं जन्मभर तेच केलं." हे सांगून त्या स्वतःच हबकल्या. त्यांनी नारळ बोलला होता.

वनमालाताई आपल्या पिवळ्या बोटाकडे पाहत होत्या. "म्हणजे हळद लावा, असं ग्रुपवर मी लिहिलं," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि आम्ही रोज..." त्यांनी बोट रुमालाला पुसलं.

कोणीतरी हसलं, मग हॉलभर हसू पसरायला लागलं. पहिल्या रांगेत मात्र कोणी हसत नव्हतं. नलिनीनं काशीरामकडे हात पसरला होता. ओठांना निळसर झाक आली होती. तिनं एकच शब्द उच्चारला.

"द्या."

चष्म्याचं घर खाली पडलं, पंप हातात आला. "विष निघतंय, थांबा, आता पाचच दिवस उरलेत," असं सर म्हणत होते. वनमालाताई त्यांच्या आणि नलिनीच्या मधे भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. एक झटका. श्वास. दुसरा. डॉक्टर अनुपमानं शिकवलं होतं तसं मोजत, एकेक करून. निमेशनं खुर्चीसकट तिला उचललं आणि रिक्षा निघाली.

हॉस्पिटलमध्ये ती तीन दिवस होती. अर्धा तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरांनी काशीरामला सांगितलं. ते त्यानं घरी कोणाला सांगितलं नाही.

सर त्या गडबडीत हॉलच्या संडासात शिरले आणि झगा तिथंच टाकून साध्या शर्टात बाहेर पडले. इतके साधे, की दारातल्या माणसांनी त्यांना वाट करून दिली. पोलीस चौकीत तक्रार लिहायला वनमालाताई स्वतः गेल्या. वर्णन सांगताना त्यांची पंचाईत झाली, कारण चेहरा कोणीच पाहिला नव्हता. दोन आठवड्यांनी तो कांदिवलीत सापडला, तसाच झगा घालून, वेगळ्या नावानं, भिंतीपुढे उकिडवा बसलेला.

दरम्यान धुरींचं लोखंडी कपाट हलवण्यात आलं. मागे दाराएवढा काळा नकाशा होता. सरांनी ती भिंत तीनदा तपासली होती, पण कपाट सरकवण्याची तसदी घेतली नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप आतल्या आत गळत होता. प्लंबर आला, पाइप बदलला, दोन्ही घरांचं प्लॅस्टर खरवडलं गेलं, भिंत महिनाभर उघडी सुकत ठेवली. तेवढे दिवस नलिनी पंप घेऊन जाऊबाईंकडे राहिली.

पुढच्या सोसायटी मीटिंगला लोकांनी काशीरामला दोन शब्द बोलायचा आग्रह केला. त्याला भाषणाची सवय नव्हती. त्यानं आधी कबूल केलं की आपण चौदा दिवस फसलो होतो.

"ज्या पट्ट्या मी जन्मभर केल्या, त्याच ओळखल्या नाहीत. का? कारण बायको आजारी होती आणि मी घाबरलो होतो. घाबरलेला माणूस बघतो, पण विचारत नाही. तर एवढंच सांगतो. कोणी काडी आणेल, टॉर्च आणेल, अंगारा आणेल. त्याला विचारा, जिथं काही नाही हे आम्हाला पक्कं माहीत आहे, तिथं लावून दाखव. आणि जिथं ढळढळीत आहे, तिथंही लाव. खरा असेल तर लावेल. खोटा असेल तर रागावेल. आणि तोपर्यंत चालू असलेलं औषध कोणाच्याही सांगण्यावरून कचऱ्यात टाकू नका. ज्यानं लिहून दिलं, त्याला विचारा."

वनमालाताईंनी हात वर केला. "मामा, राग मानू नका. पण तुम्ही म्हणता ते तरी खरं कशावरून?"

काशीराम त्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसला.

"हां. आता बोललात. माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी जा, हळद घ्या, साबण घ्या आणि स्वतः बघा."

त्या संध्याकाळी आठ नंबरच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक घरी एकेक पांढरा टॉवेल वाया गेला.